लेख सहज का वाचला जातो?

एखाद्या गृहसंकुलाच्या फलकावर अशी सूचना लागलेली असते : "सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, संकुलाच्या भूमिगत पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेचे व दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने गुरुवारी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या कालावधीत होणारा पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे, तरी सर्वांनी आवश्यक तो पाणीसाठा करून ठेवून सहकार्य करावे." यातला एकही शब्द अवघड नाही. सातवीतली मुलगीही प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगेल. तरी कामावर निघालेला माणूस पहिल्या फेरीत 'टाकी' आणि 'गुरुवारी' एवढंच टिपतो, आणि पाणी येणार की नाही हे कळायला पुन्हा पहिल्या ओळीवर जातो.

आता हीच सूचना अशी वाचा : "गुरुवारी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ पाणी येणार नाही. टाकी धुवायची आणि दुरुस्त करायची आहे. बुधवारी रात्रीच पाणी भरून ठेवा."

शब्द कमी झाले, पण खरा फरक दुसरीकडेच पडला. पहिल्या सूचनेत टाकी, स्वच्छता, दुरुस्ती, वार, वेळ असं सगळं मनात धरून ठेवावं लागतं, आणि या सगळ्याचं काय करायचं ते वाक्य संपता संपता कळतं. दुसरीत जी गोष्ट समोर येते तिचा तिथल्या तिथे उलगडा होतो. लेख वाचनीय कशाने होतो याबद्दल पुष्कळ सल्ले दिले जातात : सोपे शब्द वापरा, वाक्यं छोटी ठेवा, उपशीर्षकं द्या. ते चुकीचे नाहीत. मात्र त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. वाचकाला किती गोष्टी, किती वेळ, अर्थ न लागता मनात सांभाळाव्या लागतात, यावर लेखाची वाचनीयता ठरते.

वाचताना आपली नजर ओळीवरून सलग सरकत नाही. ती उड्या मारत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच नेत्रतज्ज्ञ लुई एमिल झाव्हाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हे लक्षात आलं. नजर एका जागी साधारण पाव सेकंद थांबते आणि पुढच्या शब्दांवर झेपावते. इंग्रजीवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की, सराईत वाचकाच्याही शंभरातल्या दहा-पंधरा उड्या उलट्या, म्हणजे मागे जाणाऱ्या असतात. मजकूर किचकट झाला की त्या वाढतात. एखादा लेख वाचून 'डोकं शिणलं' असं आपण म्हणतो, त्यामागे ही मागे जाणारी नजरही असू शकते.

मनात धरून ठेवायची जागाही फार मोठी नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ही मर्यादा सातच्या आसपास सांगितली. पुढे २००१मध्ये नेल्सन कोवन यांनी ती आणखी खाली, चाराच्या आसपास आणली. हे चार म्हणजे चार अक्षरं किंवा चार शब्द नव्हेत. अर्थाने एकत्र बांधले गेलेले चार गठ्ठे, असं समजावं. 'गुरुवारी सकाळी ९ ते संध्याकाळी ५' हा एक गठ्ठा होतो, कारण तो लगेच जुळतो. 'भूमिगत पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेचे व दुरुस्तीचे' हे मात्र पुढचं नाम आणि क्रियापद येईपर्यंत सुटं सुटंच राहतं.

आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं. इंग्रजी वाक्यात कोणी काय केलं हे सुरुवातीला कळतं आणि मग तपशील जोडले जातात. मराठीत तपशील आधी येतात आणि निर्णय शेवटच्या शब्दात लागतो. त्यामुळे चाळीस शब्दांचं इंग्रजी वाक्य जितकं जड वाटतं त्याहून चाळीस शब्दांचं मराठी वाक्य जड वाटू शकतं. इंग्रजी मजकूर समोर ठेवून त्याच लांबीचं मराठी वाक्य रचणाऱ्या भाषांतरकारांकडून नेमकं हेच विसरलं जातं. बाजारात बरोबर आलेल्या माणसाच्या हातात एकेक पिशवी देत जावं आणि रिक्षा कुठे उभी आहे ते शेवटपर्यंत सांगू नये, तशी वाचकाची अवस्था होते.

हे वाक्य पाहा : "काल नाशिकहून आलेल्या माझ्या आत्येभावाच्या कारखान्यात काम करणाऱ्या इंजिनिअरने सुचवलेल्या पंपाची किंमत जास्त आहे." नाशिकहून कोण आलं, आत्येभाऊ की इंजिनिअर? व्याकरण दोन्हींना मुभा देतं. 'आलेल्या', 'करणाऱ्या', 'सुचवलेल्या' अशी विशेषणं नामाच्या आधी रचत जाण्याची सोय मराठीत आहे, आणि लिहिणाऱ्याला ती फार मोहात पाडते, कारण त्याला शेवट आधीच ठाऊक असतो. वाचकाला तो ठाऊक नसतो. हीच गोष्ट घरी सांगताना आपण काय म्हणतो? "माझ्या आत्येभावाच्या कारखान्यातला एक इंजिनिअर काल नाशिकहून आला होता. त्याने एक पंप सुचवला, पण किंमत जास्त आहे." बोलताना हे आपसूक जमतं, कारण समोरच्याचा चेहरा दिसत असतो.

मराठीने यावर स्वतःचे उपायही काढून ठेवले आहेत. एक 'की'. "डॉक्टर म्हणाले की" असं लिहिलं की मुख्य क्रियापद आधीच येऊन जातं आणि पुढचा भाग कितीही लांबला तरी वाचक निर्धास्त असतो. सूचनेतल्या 'कळविण्यात येते की'मध्येही हाच 'की' आहे, फक्त त्याच्या पुढे पुन्हा तीच गर्दी केली आहे. दुसरा उपाय 'जो-तो'ची जोडी : "ज्या पंपाला वीज कमी लागते तो घ्या." इथे 'ज्या' कानावर पडताच 'तो' येणार हे कळतं आणि मन त्याची वाट पाहतं. हल्ली बातम्यांत आणि जाहिरातींत ही जोडी उलटी करून "तो पंप घ्या ज्याला वीज कमी लागते" असं लिहितात. ते कळतं, पण त्यात इंग्रजीची चाल आहे आणि वाक्य संपल्यासारखं वाटून पुन्हा सुरू होतं.

नकाराचा प्रश्न तर याहून नाजूक. "धरणातला साठा वाढल्यामुळे आणि पाणलोट क्षेत्रात आणखी पाऊस अपेक्षित असल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात शहरात पाणीकपात होण्याची शक्यता नाही." शेवटच्या शब्दापर्यंत वाचकाच्या मनात पाणीकपात चालू असते, आणि एका 'नाही'ने सगळं उलटं करावं लागतं. "पुढच्या उन्हाळ्यात पाणीकपात होणार नाही असं दिसतं. धरणातला साठा वाढला आहे आणि आणखी पाऊस अपेक्षित आहे." लांब नकारार्थी वाक्य दिसलं की मी तरी ते थांबून तोडतोच.

'करण्यात आले', 'घेण्यात येणार', 'ठेवण्यात येत आहे' ही रूपं कार्यालयांतून सगळीकडे पसरली आहेत. त्यांनी शब्द वाढतात हे तर खरंच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे करणारा माणूस नाहीसा होतो. "झाडे तोडण्यात आली." कोणी तोडली? वाचक हा प्रश्न मनात धरून पुढे जातो, आणि उत्तर बहुतेक वेळा मिळतच नाही.

आता वाक्यं छोटी करण्याबद्दल. छोटं वाक्य हा रामबाण मानला जातो, तो तसा नाही. "पाऊस पडला. नाल्याला पूर आला. रस्ता बंद झाला. बस आली नाही. सुनीता परीक्षेला गेली नाही." प्रत्येक वाक्य दोन ते चार शब्दांचं आहे, पण कशामुळे काय झालं हे वाचकालाच जुळवून घ्यावं लागतं. "नाल्याला पूर आल्याने रस्ता बंद झाला, म्हणून बस आली नाही आणि सुनीताची परीक्षा हुकली." हे वाक्य लांब असूनही हलकं आहे, कारण 'आल्याने' आणि 'म्हणून' यांनी जोडणीचं काम केलं आहे. मराठीतले 'म्हणून', 'पण', 'तरी', 'मात्र', 'कारण', 'उलट' हे शब्द दिसायला किरकोळ, पण पुढे काय येणार याची चाहूल तेच देतात. ते गाळून लेख चटपटीत होत नाही, तुटक होतो.

यात एक अपवाद आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. १९९६मध्ये डॅनिएल मॅक्नमारा, वॉल्टर किंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. विषय नवा असलेल्या वाचकांना सगळे दुवे स्पष्ट जोडलेला मजकूर जास्त उपयोगी पडला. ज्यांना विषयाची आधीपासून जाण होती त्यांचं खोलवरचं आकलन मात्र थोड्या जागा मोकळ्या सोडलेल्या मजकुराने अधिक चांगलं झालं, कारण त्या जागा भरताना त्यांनी स्वतः विचार केला. म्हणजे कोणासाठी लिहितो हे ठरल्याशिवाय सोपं काय आणि अवघड काय हे ठरवता येत नाही. द्राक्षबागायतदारांच्या मासिकात छाटणी म्हणजे काय हे समजावत बसलं तर वाचक पान उलटेल. रविवारच्या पुरवणीत ते समजावलं नाही, तरीही उलटेल.

शब्दांच्या अवघडपणाबद्दलही असंच म्हणता येईल. व्हिएन्नात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८मध्ये इंग्रजी मजकुराची सुबोधता मोजण्याचं सूत्र मांडलं. वाक्यात सरासरी किती शब्द आणि शब्दात सरासरी किती उच्चारखंड, यावर ते चालतं. ते फार गाजलं आणि आजही वापरात आहे. मराठीला मात्र ते तसंच्या तसं लावता येत नाही. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'शेजारच्यांनीसुद्धा' हा केवढा तरी लांब शब्द आहे, पण तो कोणालाही अडत नाही. उलट 'सबब' तीन अक्षरांत संपतो आणि तरुण वाचकाला थांबवतो. शब्दाची लांबी किंवा तो संस्कृतातून आला की इंग्रजीतून, यापेक्षा तो वाचकाच्या कानावरून आधी गेला आहे का हे पाहावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला येणाऱ्या बहुतेक गरोदर बायकांना 'हिमोग्लोबिन' माहीत असतं. त्यासाठी नवा संस्कृत शब्द घडवला तर तो शुद्ध असेल, पण त्यांच्यासाठी लिहिलेला लेख त्यांच्यापासून दूर जाईल.

शीर्षकाचं काम लोकांना वाटतं त्याहून मोठं आहे. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२मध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांना एक परिच्छेद ऐकवला. वस्तूंचे गट करा, प्रमाण कमी असेल तर एकच ढीग पुरेल, एका वेळी फार घेऊ नका, चूक महागात पडू शकते, अशा धर्तीचा तो मजकूर होता. शब्द साधे, वाक्यं साधी, तरी ऐकणाऱ्यांना काही बोध होईना. हे कपडे धुण्याबद्दल आहे असं ज्यांना आधी सांगितलं होतं त्यांना मात्र तोच परिच्छेद स्वच्छ कळला आणि कितीतरी जास्त लक्षात राहिला. सर्वांत बोलका भाग पुढेच आहे. ज्यांना विषय ऐकून झाल्यावर सांगितला, त्यांना त्याचा फायदा झाला नाही. तोवर त्या सुट्या गोष्टी हातातून निसटल्या होत्या.

म्हणूनच 'हे वाचून तुम्ही थक्क व्हाल' अशा शीर्षकांवर माझा राग आहे. वाचकाला आत ओढण्यासाठी ती विषय लपवतात, आणि आत आलेल्या वाचकाला मजकूर जिथे टांगायचा ती खुंटीच देत नाहीत.

पण मग कुतूहलाचं काय? सगळंच आधी सांगितलं तर कोणी पुढे का वाचावं? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४मध्ये याची चांगली मांडणी केली : आपल्याला काहीतरी माहीत असतं आणि त्यात एक फट दिसते, तेव्हा कुतूहल जागं होतं. ज्याबद्दल काहीच माहीत नाही त्याचं कुतूहलही वाटत नाही. लोणारवर लेख लिहायचा आहे असं धरू. नेहमीची सुरुवात ठरलेली : "लोणार सरोवर हे बुलढाणा जिल्ह्यातील एक जगप्रसिद्ध सरोवर असून ते उल्कापातामुळे निर्माण झाले आहे." माहिती बरोबर आहे, पण फट कुठेच नाही, आणि सहलीला जाऊन आलेल्या वाचकाला हे सगळं ठाऊक असतं. आता ही सुरुवात पाहा : "एरवी हिरवट दिसणारं लोणारचं पाणी जून २०२०मध्ये गुलाबी झालं." हिरवं पाणी डोळ्यांसमोर आहे, गुलाबी कसं झालं ते माहीत नाही. एवढ्या एका वाक्यावर पुढचा लेख उभा राहतो.

कारण उत्तराकडे जायचं तर सगळी माहिती आपोआप लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांना त्या पाण्यात मिठात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्मजीव सापडले. मिठात वाढणारे का? कारण लोणारचं पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे, आणि त्या उन्हाळ्यात पातळी घटून खारटपणा वाढला होता. पाणी इतकं खारं का? कारण ते विवरात साचतं आणि बाहेर वाहून जायला वाट नाही, फक्त वाफ होते. विवर कसं झालं? दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर उल्का आदळून. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे एका काठापासून समोरच्या काठापर्यंतचं अंतर चालायला वीस-पंचवीस मिनिटं लागावीत. नेहमीच्या लेखात जी वाक्यं यादीसारखी येतात तीच इथे एकाच प्रश्नाची उत्तरं होऊन येतात. लोणारचं दैत्यसूदन मंदिर आणि पाणथळ जागांच्या रामसर यादीतला समावेश या गोष्टीही लिहाव्यात, पण हा धागा पूर्ण झाल्यावर.

कुतूहलाचा प्रश्नही वाचकाला मनात धरावाच लागतो. पण तो वाचक आनंदाने धरतो, कारण बाकीचं सगळं त्या प्रश्नालाच येऊन जुळतं. असा प्रश्न एका वेळी एकच असावा, आणि उत्तर द्यायला उगाच उशीर करू नये.

पडद्यावर, विशेषतः मोबाइलवर, वाचणाऱ्यांचा विचार आता टाळता येत नाही. वेबवापराचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९७मध्येच नोंदवलं होतं की, त्यांच्या चाचणीतल्या शंभरातल्या ७९ जणांनी संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर नुसता चाळला. पुढे २००६मध्ये त्यांना असंही दिसलं की, चाळणारी नजर वरच्या एक-दोन ओळी वाचते आणि मग डाव्या कडेने खाली उतरते. मराठीत डाव्या कडेला काय असतं? 'तसेच', 'त्याचप्रमाणे', 'याशिवाय', 'सदर'. अर्थ उजवीकडे, क्रियापदापाशी राहतो. म्हणून परिच्छेद ज्या गोष्टीबद्दल आहे तिचं नाव पहिल्या दोन-तीन शब्दांत यावं. एवढं केलं तरी चाळणारा माणूस थबकण्याची शक्यता वाढते. परिच्छेदाच्या लांबीबद्दल नियम सांगण्यासारखं काही नाही. फोनवर पडदाभर सलग मजकूर दिसला की वाचायला दम लागतो, इतकं ध्यानात असावं.

विरामचिन्हं आपण गृहीत धरतो. मोडी लिपीत आधी ओळभर रेघ ओढून लेखणी शक्यतो न उचलता लिहीत जायची पद्धत होती. शब्दाशब्दांत अंतर नसे, पूर्णविराम नसे. वाचणारा मनाशी किंवा मोठ्याने उच्चारतच वाक्यं तोडत असे. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुजवली आणि हे वाक्य तोडण्याचं काम वाचकाकडून लेखकाकडे आलं.

मात्र सुबोध गद्य त्याच्या कितीतरी आधी होतं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध झालं. एकेक लीळा छोटी, तिला तिचं नाव. कुठे, कोण, काय विचारलं, काय उत्तर दिलं. छोटी वाक्यं आणि भरपूर संवाद. ग्रंथरचना संस्कृतात झाली तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका तिला मुकतील, अशा अर्थाचं चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांचं म्हणणं 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात नोंदलेलं आहे. वाचक कोण हे इतक्या नेमकेपणाने ठरवलेलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३च्या 'गुलामगिरी'त जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद रचला. वाचकाला शंका येते न येते तोच धोंडीबा ती विचारतो, आणि शंका मनात साठून राहत नाही.

विनोबांची 'गीता प्रवचने' तर बोललेलीच होती. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत. विषय अवघड, ऐकणारे सगळ्या तऱ्हांचे कैदी. बोलणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे वाक्य एका मर्यादेपलीकडे लांबत नाही. आणि समोरचा माणूस गोंधळला की तोंडात आलेलं पुढचं वाक्य बाजूला ठेवून उदाहरण द्यावंच लागतं.

टेबलाशी बसून लिहिणाऱ्याला ही सोय नसते. म्हणून लेख झाल्यावर तो घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा, आणि लक्ष कागदाइतकंच ऐकणाऱ्याकडे ठेवावं. जिथे दम संपतो आणि क्रियापद अजून दूर असतं, ते वाक्य तोडायचं. जिथे ऐकणारा "कोणी?" असं विचारतो तिथे 'करण्यात आले' लपलेलं असतं. जिथे "म्हणजे?" असं विचारतो तिथे एखादा शब्द किंवा एखादा दुवा सुटलेला असतो. काहीच न विचारता तो फोनकडे हात नेतो, तो परिच्छेद बहुतेक वेळा काढूनच टाकावा लागतो.